बालगृहासाठी निधी कसा उभा करायचा: नव्या विश्वस्तांसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी

कोठीत तांदळाची बारा पोती रचलेली आहेत, बँकेत तीन लाखांची मुदत ठेव आहे, आणि स्वयंपाकाच्या ताईंचा दोन महिन्यांचा पगार थकलाय. नव्या विश्वस्ताला हे कोडं वाटतं. जुन्या खजिनदाराला त्यात काही नवल वाटत नाही. तांदूळ पितृपक्षात आलेत, ठेव कायम निधीची आहे आणि तिला हात लावता येत नाही, कंपनीने दिलेले पैसे संगणक कक्षासाठी आहेत. पगारासाठी म्हणून कोणी काही दिलेलंच नाही. बालगृहात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक रुपयाला एक चिठ्ठी चिकटलेली असते: ‘हा अमुक कामालाच’. निधी उभा करणाऱ्याचं निम्मं काम या चिठ्ठ्या वाचण्याचं, आणि उरलेलं निम्मं कोऱ्या चिठ्ठीचा पैसा वाढवण्याचं.

हा लेख महाराष्ट्रात नोंदलेल्या, वीस ते चाळीस मुलांच्या लहान संस्थेसाठी आहे. एक खुलासा आधीच करून ठेवतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाल्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले. देणगीदाराला करात वजावट देणारं ८०जी आता कलम १३३ झालं. देणगीदार, सीए आणि कंपन्या मात्र अजून जुन्याच क्रमांकांनी बोलतात, म्हणून इथेही तेच वापरले आहेत. फॉर्म भरताना पोर्टलवरचा चालू क्रमांक तेवढा बघून घ्या.

१. आधी खर्चाचा कागद करा

निधी मागायला निघण्याआधी महिन्याचा खरा खर्च मांडा. नमुन्यादाखल ३० मुलांचं बालगृह घेऊ. आकडे गावागणिक बदलतील, मांडणी हीच ठेवा:

- जेवण, मुलामागे रोज ८० रुपये धरून: ७२,०००
- पगार (अधीक्षक, दोन काळजीवाहक, स्वयंपाकी, रखवालदार, अर्धवेळ समुपदेशक, अर्धवेळ लेखनिक): १,०२,०००
- भाडं, वीज, पाणी, दुरुस्ती: २२,०००
- शाळा, वह्या-दप्तरं, बसभाडं: २४,०००
- औषधपाणी: ९,०००
- कपडे, साबण, अंथरूण-पांघरूण: १२,०००
- ऑडिट, छपाई, फोन, इंटरनेट: ७,०००

महिन्याला २,४८,००० झाले, वर्षाला २९,७६,०००. मुलामागे महिन्याला साधारण ८,३०० रुपये. यात सगळ्यात मोठा आकडा पगाराचा आहे हे बघा. भित्तिपत्रकावर मात्र बहुतेक संस्था जेवणाचं ताट छापतात. मग पैसाही ताटालाच येतो.

इथेच नेहमीची एक चूक होते. ‘व्यवस्थापन खर्च फक्त ३ टक्के’ असं अभिमानाने छापायचं म्हणून अधीक्षकाचा पगारही कुठेतरी लपवला जातो. रात्री ताप आलेल्या मुलाजवळ बसणारी ताई हा व्यवस्थापन खर्च नाही, तेच संस्थेचं काम आहे. पगार कार्यक्रमखर्चात धरा आणि उघड दाखवा.

२. कागदपत्रांची फाइल

देणगीदार हो म्हणाला आणि कागद मिळेना, की पंधरा दिवस जातात आणि त्याचा उत्साहही ओसरतो. पुढचे कागद स्कॅन करून एका फोल्डरमध्ये तयार ठेवा:

- धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी प्रमाणपत्र, ट्रस्ट डीड किंवा घटना, आणि शेड्यूल वनचा (धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतला, विश्वस्तांची नावं असलेला) ताजा उतारा
- संस्थेचं पॅन
- १२एबी नोंदणी आणि ८०जी मंजुरीचे आदेश
- बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ खालील नोंदणी प्रमाणपत्र
- नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा आयडी
- सीएसआर-१ नोंदणी क्रमांक (कंपन्यांचा सामाजिक निधी घेण्यासाठी)
- तीन वर्षांचे ऑडिट अहवाल आणि आयटीआर-७ च्या (संस्थेच्या आयकर विवरणाच्या) पोच
- रद्द केलेला धनादेश आणि सह्यांच्या अधिकाराचा ठराव
- बाल संरक्षण धोरण, विश्वस्तांची यादी, गेल्या वर्षीचा अहवाल

कलम ४१ ची नोंदणी नसताना मुलं ठेवणं हा गुन्हा आहे. कलम ४२ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘आधी मुलं घेऊ, कागद मागाहून करू’ असं कोणी सुचवलं तर तिथेच थांबवा. मूल ठेवायचं ते बाल कल्याण समितीच्या (मुलाला कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या कायदेशीर समितीच्या) आदेशाने.

शेड्यूल वनच्या उताऱ्यात भलत्याच जागी गाडी अडते. विश्वस्त बदलले, ठराव झाला, मिठाई वाटली, आणि धर्मादाय कार्यालयाला बदल कळवणारा चेंज रिपोर्ट द्यायचा राहिला. तो बदलापासून ९० दिवसांत द्यायचा असतो. उताऱ्यावर जुनीच नावं असतील तर बँक सह्या बदलत नाही आणि कंपनीचा विधी विभाग करार परत पाठवतो. हे अगदी सर्रास घडतं, म्हणून निधीची मोहीम काढण्याआधी उतारा काढून नावं ताडून बघा. सगळे विश्वस्त एकाच घरातले असतील तर कंपन्या बहुधा तिथूनच मागे फिरतात. बाहेरची दोन-तीन माणसं मंडळावर घ्या.

१२एबी आणि ८०जी या दोन वेगवेगळ्या गोष्टी. पहिली संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देते, दुसरी देणगीदाराला वजावट. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. काम सुरू झालं की सहा महिन्यांच्या आत, किंवा मुदत संपण्याच्या सहा महिने आधी, यातली जी तारीख लवकर येईल तोवर नियमित नोंदणीचा अर्ज करायचा असतो. ‘अजून तीन वर्षं आहेत’ असं धरून बसलेल्या संस्था इथे चुकतात. दोन्ही आदेशांच्या मुदतीच्या तारखा कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवा.

३. पैशाच्या चिठ्ठ्या वाचायला शिका

आलेली प्रत्येक रक्कम नोंदताना तिचा प्रकार ठरवा.

सर्वसाधारण देणगी म्हणजे कोरी चिठ्ठी. पगार, वीजबिल, गॅस, काहीही भागवता येतं. सगळ्यात मोलाची हीच.

राखीव देणगी अमुक कामालाच लागते. काम झालं आणि पैसे उरले तर देणाऱ्याला लेखी विचारून मगच वळवायचे. फोनवर ‘हो, चालेल’ म्हणाले, एवढ्यावर भागत नाही. ऑडिटर कागद मागतो.

कायम निधी, म्हणजे कॉर्पस. यासाठी देणगीदाराचं स्पष्ट लेखी पत्र लागतं आणि पैसा आयकर कायद्याने ठरवून दिलेल्या प्रकारांतच गुंतवावा लागतो. खर्चायचं ते फक्त व्याज. नव्या संस्थेने कॉर्पसच्या मागे लागू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. दहा लाखांवर सात टक्के धरले तरी वर्षाला ७०,००० मिळतात. वरच्या हिशेबाने बालगृह त्यात नऊ दिवसही चालत नाही.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक राखीव निधीसाठी वेगळं कॉस्ट सेंटर, म्हणजे स्वतंत्र खर्चखातं, उघडा, आणि प्रत्येक व्हाउचरवर त्याचं नाव जागच्या जागी लिहा. मार्चमध्ये बसून ‘हे बिल कुणाच्या खात्यात घालू’ असं करायची वेळ आली की चुका होणारच. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर करमाफीच्या हिशेबात तो खर्च धरला जात नाही. भाजीवाला आणि किराणावाला यांनाही खात्यावरच पैसे द्यायची सवय लावा.

आणखी एक नियम खजिनदाराने पाठच करावा: वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के त्याच वर्षी उद्दिष्टांवर खर्चायचे असतात. मार्चअखेर मोठी रक्कम आली आणि खर्चणं शक्य नसेल तर नेमकं काम लिहून ती पाच वर्षांपर्यंत बाजूला ठेवता येते. त्यासाठी फॉर्म १० मुदतीत भरावा लागतो. नुसत्या मुदत ठेवीत टाकून चालत नाही.

४. मासिक देणगीदार

महिन्याच्या पगारासाठी महिन्यालाच येणारा पैसा हवा. दरमहा ५०० रुपये देणारी १२० माणसं म्हणजे महिन्याला ६०,०००, वर्षाला ७,२०,०००. एकदाच लाख देऊन विसरून जाणाऱ्यापेक्षा ही माणसं संस्थेला तारतात.

थेंबाथेंबाने निधी जमवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. महर्षी कर्वे यांच्या स्त्री शिक्षण संस्थेचा भाऊबीज निधी असाच घरोघरी फिरून, लहान रकमांनी उभा राहिला. मुंबईत १९७९ मध्ये रिपन कपूर आणि त्यांच्या मित्रांनी ५० रुपयांत सुरू केलेल्या क्रायनेही सुरुवातीला शुभेच्छापत्रं विकून पैसा जमवला.

क्रम असा ठेवा:

अ) प्रत्येक विश्वस्ताने ओळखीच्या २५ माणसांची यादी करावी. जो विश्वस्त स्वतः महिन्याला काही देत नाही त्याने दुसऱ्याकडे मागू नये. समोरचा पहिला प्रश्न हाच विचारतो.

आ) यूपीआय ऑटोपे किंवा ई-नॅच (खात्यातून दरमहा हप्ता आपोआप जाण्याच्या सोयी), दोन्ही पर्याय ठेवा. यूपीआयवर १५,००० रुपयांपर्यंतचा हप्ता दर वेळी पिन न टाकता जातो.

इ) वळतं करण्याची तारीख ५ ते ७ च्या दरम्यान ठेवा. २८ तारखेला लोकांच्या खात्यात पैसे नसतात. हप्ता परतला की बँक देणगीदारालाच दंड लावते, आणि मग तो चिडून आदेशच रद्द करतो. हप्ता परतला तर त्याच आठवड्यात फोन करा, पण सूर वसुलीचा नको.

ई) पहिल्या हप्त्यानंतर दोन दिवसांत आभाराचा फोन. पुढे सहा महिन्यांनी एक पानाचं पत्र: किती मुलं आली, किती घरी परतली, दहावीला किती बसली, पैसे कुठे गेले. महिन्यातून चार व्हॉट्सअॅप संदेश पाठवले तर माणसं गट सोडतात.

‘एक मूल दत्तक घ्या’ अशी जाहिरात करू नका. दत्तक ही कायदेशीर प्रक्रिया आहे आणि ती कारा या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलमार्फतच होते. हा शब्द वापरला की चौकशीचे फोन सुरू होतात आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाची नोटीसही येऊ शकते. ‘शैक्षणिक पालकत्व’ म्हणा. तेही एका मुलाच्या नावाशी बांधू नका. मूल घरी परत गेलं, नापास झालं किंवा दुसऱ्या संस्थेत गेलं तर तो पैसा लटकतो. शिवाय ज्याला ‘पालक’ मिळाला नाही ते मूल शेजारच्याच खाटेवर झोपलेलं असतं.

५. वाढदिवस, शिधा आणि सणवार

मराठी देणगीदार वस्तू द्यायला लवकर तयार होतो. पितृपक्षात अन्नदान, दिवाळीत फराळ आणि कपडे, घरातल्या वाढदिवसाला मुलांना जेवण. हा ओघ मोडू नका, फक्त वळवा.

३० मुलं आणि सहा मोठी माणसं यांचा एका दिवसाचा शिधा ढोबळमानाने असा: तांदूळ ४ किलो, कणीक ५ किलो, डाळ २ किलो, तेल १ लिटर, भाजी ६ किलो, दूध ५ लिटर, वर नाश्ता, फळं, मसाला, गॅस. हे २,४०० रुपयांच्या आसपास जातं, आणि बहुतेक संस्था ‘एक दिवसाचं जेवण: २,४००’ अशीच पाटी लावतात. आता पहिल्या पायरीचा कागद पुन्हा काढा. महिन्याचे २,४८,००० भागिले ३० दिवस, म्हणजे बालगृहाचा एक दिवस ८,३०० रुपयांना पडतो. जेवण दिलं, पण ते रांधणारी, वाढणारी, नंतर मुलांना झोपवणारी माणसं, दिवे, पाणी, शाळेची बस हे सगळं राहिलंच. म्हणून पाटीवर दोन ओळी लिहा:

बालगृहाचा एक दिवस: ८,३०० रुपये
फक्त एक दिवसाचं जेवण: २,४०० रुपये

क्रम हाच ठेवा. वाढदिवस साजरा करणाऱ्याला ‘आजचा अख्खा दिवस तुमच्याकडून’ ही कल्पना आवडते. पावतीवर कारण लिहिताना ‘बालगृहाचा सर्वसाधारण खर्च’ लिहा, ‘अन्नदान’ नको. एका शब्दाने चिठ्ठी कोरी राहते.

वस्तू घेताना:

- हॉटेलात किंवा लग्नात उरलेलं शिजवलेलं अन्न घेऊ नका. विषबाधा झाली तर जबाबदारी अधीक्षकाची.
- धान्य महिन्याच्या गरजेच्या दुपटीपेक्षा जास्त झालं की नम्रपणे पुढची तारीख द्या. पावसाळ्यात साठवलेल्या रव्यात आणि डाळीत किडे होतात.
- जुने कपडे ‘धुतलेले, फाटके नसलेले, मापं लिहिलेले’ असतील तरच. नाहीतर ते निवडण्यात दोन ताईंचे दोन दिवस जातात.
- सणाला लोक फटाके आणि केक आणतात, मुलांना मात्र जूनमध्ये बूट आणि पावसाळी जॅकेट लागतात. मापांसकट गरजेची यादी दर दोन महिन्यांनी ताजी करून दाराशी लावा.

वस्तूंच्या देणगीवर ८०जी मिळत नाही. त्यांची वेगळी पावती आणि साठा नोंदवही ठेवा. ‘किराण्याच्या बिलाएवढी ८०जी पावती द्या’ ही मागणी वर्षातून दोनदा तरी येते. उत्तर एकच: दुकानदाराला आम्ही देतो, तुम्ही आमच्या खात्यावर भरा.

६. पावती, ८०जी आणि ३१ मे

पावतीवर अनुक्रमांक, तारीख, देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, कशी मिळाली ते आणि व्यवहार क्रमांक, कारण, संस्थेचा नोंदणी क्रमांक, पॅन, ८०जी मंजुरीचा क्रमांक आणि तारीख एवढं हवंच.

ही पावती वजावटीला पुरत नाही. वर्षभरातल्या देणग्यांचं विवरण फॉर्म १०बीडीमध्ये ३१ मेपर्यंत भरायचं आणि त्यातून निघणारं १०बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क, आणि विवरण भरलंच नाही तर १०,००० पासून एक लाखापर्यंत दंड. पॅनमधलं एक अक्षर चुकलं की देणगीदाराची वजावट अडकते, आणि तो जुलैमध्ये रिटर्न भरताना तुम्हालाच फोन करतो. पॅन देणगी घेतानाच मागा. मे महिन्यात चारशे लोकांच्या मागे लागणं हा शुद्ध वेळेचा अपव्यय आहे.

देणगीदारांचे काही गैरसमज आधीच दूर करा. १०,००० रुपये दिले म्हणजे ५,००० परत मिळतात असं नाही. निम्मी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा कर उपकर धरून १,०४० रुपयांनी कमी होतो. त्यालाही समायोजित उत्पन्नाच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे. रोख २,००० रुपयांवर गेली तर वजावटच नाही. आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्याला ८०जीचा लाभ अजिबात नाही. पगारदार वर्गातले पुष्कळ लोक आता नव्या प्रणालीत आहेत. ‘कर वाचवा’ हा मथळा मार्चच्या पत्रकावरून काढलात तरी चालेल.

दानपेटी ठेवली असेल तर ती दोन विश्वस्तांसमोर उघडा, पंचनाम्यासारखी नोंद करा आणि त्याच दिवशी बँकेत भरा. निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा एक लाख, यातल्या मोठ्या आकड्यापलीकडे गेल्या तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. एका देणगीदाराकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊच नका.

देणगीदाराच्या नावाची पाटी लावली तर जीएसटी लागतो का, हेही विचारतात. नुसती कृतज्ञतेची पाटी असेल आणि तिने धंद्याची जाहिरात होत नसेल तर नाही. ‘अमुक ज्वेलर्स, आमच्याकडे शुद्ध सोनं मिळेल’ असं लिहिलं की ते प्रायोजकत्व झालं.

७. सरकारी अनुदान

मिशन वात्सल्य योजनेत संस्थेतल्या मुलामागे दरमहा ३,००० रुपये देखभाल अनुदान आहे. अनुदानासाठी संस्था पात्र ठरली आणि मुलं बाल कल्याण समितीच्या आदेशाने आलेली असली तरच ते मिळतं. ३० मुलांचे ९०,००० होतात, पण पैसे दर महिन्याला येतील असं धरू नका. अंदाजपत्रकात ही रक्कम दाखवा, आणि किमान सहा महिने ती आली नाही तरी घर चालेल अशी तजवीज ठेवा. मुलांची हजेरी, समितीचे आदेश आणि खर्चाची प्रमाणपत्रं दर महिन्याला जुळवून ठेवली तर जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयातल्या फेऱ्या निम्म्याने कमी होतात. बालसंगोपन योजनेचे पैसे कुटुंबात राहणाऱ्या मुलासाठी असतात, ते संस्थेचं उत्पन्न धरू नका.

८. कंपन्यांचा सीएसआर

नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली एक जरी अट लागू असली तरी कंपनीला गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. तुम्हाला त्यातून घ्यायचे तर संस्थेला साधारण तीन वर्षांच्या कामाचा पूर्वेतिहास, १२एबी, ८०जी आणि सीएसआर-१ नोंदणी हवी. नव्याकोऱ्या संस्थेने पहिली तीन वर्षं इथे वेळ घालवू नये.

मोठ्या मुंबईकर कंपन्यांच्या मागे सगळेच असतात. तुमच्या तालुक्यातल्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचा कारखाना आहे त्यांच्याकडे आधी जा. कायदाही स्थानिक भागाला प्राधान्य द्यायला सांगतो, आणि कारखान्याचा एचआर व्यवस्थापक बालगृह प्रत्यक्ष येऊन बघू शकतो.

प्रस्ताव चार-पाच पानांपेक्षा मोठा नको. प्रश्न काय, किती मुलं, बारा महिन्यांत काय बदलेल आणि ते कसं मोजाल, अंदाजपत्रक, आणि पैसे संपल्यावर काम कसं चालेल. ‘मुलांचा सर्वांगीण विकास’ हे शब्द खोडा. ‘१८ मुलं आपल्या इयत्तेच्या दोन वर्षं मागे वाचतात, आठवड्याला सहा तास शिकवणारी एक शिक्षिका’ असं लिहा.

पगाराबद्दल एक गैरसमज कंपन्यांमध्ये आणि संस्थांमध्येही मुरलेला आहे. ‘नियमाने प्रशासकीय खर्च ५ टक्केच’ असं सांगून शिक्षिकेचा पगार कापला जातो. नियमातली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चावर आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांचा थेट खर्च त्यात मोडत नाही. समुपदेशकाचा पगार हा अंमलबजावणीचा खर्च. शांतपणे, नियम दाखवून, हे सांगा. सगळे ऐकतील असं नाही, पण वाटाघाट तरी सुरू होते.

करारावर सही करण्याआधी हे बघा:

- हप्ते किती आणि कशावर अवलंबून. पहिला हप्ता निदान ४० टक्के हवा. खिशातून खर्चून मागाहून घेण्याची ताकद लहान संस्थेकडे नसते.
- फेब्रुवारीत धनादेश आणि ३१ मार्चपर्यंत विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचं), ही जोडी दिसली की थांबा. खोटं प्रमाणपत्र द्यायची वेळ येते. कामाला वेळ लागणार असेल तर कंपनीच्या संचालक मंडळाने ते ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करावं. त्यात सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत मुभा मिळते.
- उरलेल्या पैशांचं, आणि त्यावरच्या व्याजाचं काय.
- संगणक, गाडी, सौर पॅनेल कोणाच्या नावावर राहणार, दुरुस्ती कोण करणार. पॅनेल फुकट मिळालं आणि तीन वर्षांनी इन्व्हर्टर गेला, तर तो खर्च तुमचा.
- कर्मचाऱ्यांच्या भेटी किती. वर्षाला दोन ठीक. दर शनिवारी नवी टोळी येऊन भिंती रंगवायला लागली तर मुलांचा अभ्यास बुडतो, आणि भिंती काही इतक्या वेळा रंगवायच्या नसतात.

९. परदेशातून येणारा पैसा

अमेरिकेतला भाचा म्हणतो, ‘हजार डॉलर पाठवतो, खाते क्रमांक दे.’ लगेच देऊ नका. पहिला प्रश्न विचारा: पासपोर्ट कुठला?

भारतीय पासपोर्ट असेल तर तो परदेशात राहत असला तरी त्याने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय योगदान ठरत नाही. ती नेहमीच्या खात्यात घेता येते. पासपोर्टची प्रत फाइलला लावा. त्याने अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी, तो परकीय स्रोत. तिथली महाराष्ट्र मंडळं, महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या संस्था यांचाही पैसा परकीयच. तो एफसीआरए, म्हणजे परकीय योगदान कायद्याखालील, नोंदणीशिवाय घेणं गुन्हा आहे, रक्कम शंभर डॉलर असली तरी. भारतात सुट्टीला आलेल्या परदेशी नागरिकाने रुपयांत दिलेली देणगीसुद्धा यात येते. इथे चांगल्या चांगल्या संस्था फसतात.

एफसीआरए नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी आणि तीन वर्षांत १५ लाख रुपये मुख्य कामावर खर्चलेली हवी. पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास खात्यात येतो, तिथून पुढे तुमच्या दुसऱ्या बँकेतल्या एफसीआरए खात्यात नेता येतो. प्रशासकीय खर्चाला २० टक्के मर्यादा, दुसऱ्या संस्थेला हा पैसा देता येत नाही, वार्षिक विवरण एफसी-४ दर ३१ डिसेंबरपर्यंत. एखाद्या वर्षी काहीच आलं नाही तरी शून्याचं विवरण भरा. वर्षाला पाच लाखांपेक्षा कमी येणार असतील तर हा सगळा खटाटोप परवडत नाही. भारतीय पासपोर्टवाल्या नातलगांकडेच लक्ष द्या.

१०. फोटो

बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरीही पत्रकांवर डोळ्यांत पाणी आणलेले चेहरे छापले जातात.

पाठमोरे फोटो, हातांचे, वह्यांचे, रांगेत ठेवलेल्या चपलांचे फोटो वापरा. गणवेशावरचं शाळेचं बोधचिन्ह झाका. ‘सातवीतली मुलगी, आई वारली, वडील अमुक गावचे’ एवढ्यावरून गावात ओळख पटते. नाव बदलून उपयोग नाही. पाहुण्यांचे मोबाइल दाराशी ठेवून घ्या, केक कापतानाचा फोटो संस्थाच काढून देईल असं सांगा. आणि कितीही मोठा देणगीदार असला तरी मुलांबरोबर त्याला एकटं सोडायचं नाही. एखाद-दुसरा रागावून निघून जातो. जाऊ द्या.

११. वर्षाची तारीखवही

एप्रिल: खर्चाचा कागद नवा करा, मासिक देणगीदारांना वर्षाचा हिशेब पाठवा. कंपन्यांची वर्षाची आखणी याच सुमारास सुरू होते, म्हणून प्रस्ताव एप्रिल ते जूनमध्येच द्या.
मे: ३१ तारखेच्या आत १०बीडी.
जून: शाळेचा खर्च. त्यासाठीचं आवाहन मार्चमध्येच गेलेलं हवं.
सप्टेंबर: धर्मादाय कार्यालयाचं आणि आयकराचं ऑडिट ३० तारखेपर्यंत. पितृपक्षातल्या अन्नदानाला ‘एक दिवसाचा’ पर्याय द्या.
ऑक्टोबर-नोव्हेंबर: आयटीआर-७, दिवाळीचं पत्र.
डिसेंबर: एफसी-४, असेल तर.
जानेवारी ते मार्च: कंपन्यांचे उरलेले पैसे घाईने येतात. तिसऱ्या पायरीची चिठ्ठी बघूनच घ्या, आणि २५ मार्चनंतर आलेल्या धनादेशावर तारीख कुठली आहे ते भरण्याआधी वाचा.